एका दमात मावेल तेवढं गाणं

उरकुडे सरांनी श्वास रोखला, की आमच्या शाळेत सगळ्यांना कळतं की आता गाणं लागणार. आधी ते मोबाइल छोट्या काळ्या स्पीकरला जोडतात, वर्गाकडे एकदा बघून घेतात, पोटभर हवा आत ओढतात, ओठ घट्ट मिटतात आणि बटण दाबतात. गाणं सुरू होतं. पहिली ओळ जाते, दुसरी सुरू होते, सरांचे कान लाल व्हायला लागतात, कपाळावरची शीर वर येते. पुढच्या बाकांवरच्या पोरांचं लक्ष गाण्याकडे कमी आणि सरांच्या चेहऱ्याकडे जास्त असतं. मग एकदम 'फू' असा आवाज होतो, त्याच वेळी अंगठा बटणावर पडतो आणि गाणं अर्ध्या शब्दावर बंद.

"बस," सर धापा टाकत म्हणतात, "शिकवन्यापुरतं एवढंच."

नवखा माणूस हे पाहून डॉक्टरला बोलवायला निघेल. मागे तपासणीला आलेल्या एका साहेबांनी खरोखरच घाबरून पाण्याचा पेला पुढे केला होता. पण सरांच्या या श्वास रोखण्यामागे कायदा आहे. दुसऱ्याचं गाणं न विचारता वापरता येत नाही, पण शिकवण्यासाठी म्हणून त्यातला लहानसा तुकडा घेतला तर चालतं, अशी सूट कॉपीराइटच्या कायद्याच्या बावन्नाव्या कलमात आहे, हे सरांनी कुठल्याशा प्रशिक्षणात ऐकलं आणि तेव्हापासून त्यांच्या जगण्याला वळण लागलं. आता लहानसा म्हणजे केवढा, याचं माप काही कायद्यात दिलेलं नाही. माझा मेहुणा गडचिरोलीला वकिली करतो. त्याला मी विचारलं, तर तो म्हणाला की ते परिस्थितीवर अवलंबून असतं. हे उत्तर मी सरांना आणून दिलं, तेव्हा त्यांना एकूण वकिलीच्या धंद्याचीच कीव आली.

"परिस्थितीवर कसं ठेवता, मोहुर्ले? माप पाह्यजे का नाई? तुम्ही तं गनिताचे मानूस."

मग माप त्यांनी स्वतःच काढलं. माणसाच्या एका दमात मावेल तेवढं गाणं घ्यायचं, दम सुटला की गाणं सोडायचं. "गानाराबी एका दमात तेवढंच म्हनते," ते मला समजावून सांगत होते. "त्याचा एक दम घेतला तं त्याचं काई जात नाई. दुसरा घेतला तं हिसाब लागते."

माप कोणाच्या दमाचं, ही अडचण राहतेच. सरांना सर्दी झाली की त्या आठवड्यात पोरांच्या वाट्याला निम्मंच गाणं येतं. गेल्या हिवाळ्यात ते योगाच्या शिबिराला जाऊन आले, तर शाळेत एकाएकी अख्खी कडवी वाजायला लागली. आमच्या मुख्याध्यापिका बोरकुटे मॅडमनी काळजीने विचारलं, तर म्हणाले, "कायदा तोच हाय मॅडम. दम वाढला."

पोरं त्यांना पाठीमागे बावन्न सर म्हणतात आणि पोरांचे आईबाप तोंडावर. सरांना त्याचं वाईट वाटत नाही. एकदा पालकसभेत एका बाबांनी उभं राहून "बावन्न सरांचं म्हननं बरोबर हाय" असं भाषण सुरू केलं, तेव्हा सर उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

आमची शाळा चामोर्शी तालुक्यात आहे. मी गणित शिकवतो, सर मराठी शिकवतात. संगीताचा तास वेळापत्रकात आहे, पण संगीताला शिक्षक नाही. ही रिकामी जागा सरांनी आपणहून भरून काढली. आता जो माणूस संगीत शिकवायला पुढे होतो, त्याला थोडंफार गाता येत असेल असं कोणालाही वाटेल. सरांनी एकदा परिपाठाला प्रार्थना म्हटली होती. दुसऱ्या दिवसापासून मॅडमनी प्रार्थनेची रेकॉर्ड लावायची पद्धत सुरू केली, ती आजही चालू आहे. सरांनाही हे ठाऊक आहे. "ताल डोक्यात हाय, गळ्यात नाई," असं ते सरळ सांगतात. म्हणून तर दुसऱ्यांच्या गाण्यांचे तुकडे घ्यावे लागतात.

पण डोक्यातला ताल पक्का आहे, हे मात्र कबूल करायला हवं. केरवा शिकवायचा असला की ते आधी पोरांना बाकावर एसटीच्या खडखडाटासारखा ठेका धरायला लावतात आणि मग दमभर गाणं ऐकवतात. माझ्या वर्गाची भिंत त्यांच्या वर्गाला लागून आहे. भूमितीचं प्रमेय सिद्ध करताना माझा खडू आपोआप त्या ठेक्यावर पडायला लागतो आणि पोरं हसतात. मी अनेकदा तक्रार करायची ठरवली आणि केली नाही.

शाळेबाहेरही सरांचं हे चालूच असतं. आमचे शिपाई देवाजी यांच्या मुलीचं लग्न होतं. मांडवात डीजे लावलेला. सर अक्षता टाकून थेट डीजेवाल्याकडे गेले.

"हे तुम्ही शिकवन्यासाठी लावून राह्यले का?"

"नाई जी. नाचाले."

"मंग परवानगी हाय?"

"हाव. नवरदेवाच्या मामानं देली न."

सर जेवण होईपर्यंत कोणाशी बोलले नाहीत. पुढे मेहुण्याने मला सांगितलं की लग्नकार्यात वाजणाऱ्या गाण्यांनाही सूट आहे आणि तीही त्याच कलमात आहे. मी हे सरांना सांगितलं. आपण लग्नात उगीच तोंड पाडून बसलो होतो याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर येऊन गेलं. मग म्हणाले, "पन बावन्नच न?" आणि खूश झाले.

कायद्यात सूट असली तरी गाणारा समोर असेल तर विचारायचंच, असाही त्यांचा नियम आहे. धानोऱ्याकडच्या जंगलातल्या एका गावी ते रेला गाण्याचा तुकडा घ्यायला गेले होते. रेला म्हणजे तिकडच्या गोंड मंडळींचं, ओळीत हात धरून नाचत म्हणायचं गाणं. सरांनी गावातल्या जाणत्यांना नमस्कार करून शिकवण्यापुरतं थोडंसं मागितलं. त्यांनी आपसात गोंडीत बराच विचार केला आणि सांगितलं, थोडंसं देता येत नाही, ओळीत उभे राहा. सर ओळीत उभे राहिले. मोबाइल खिशातच राहिला. दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले ते जिन्याचा कठडा धरून. आठवडाभर पाय चोळत होते, पण त्या गावच्या माणसांविषयी एक वावगा शब्द त्यांच्या तोंडून आला नाही. "त्याइचा कायदा वेगळा हाय," एवढंच म्हणाले.

शाळा बंद होत्या त्या काळात सरांनी आपले तास मोबाइलवर चित्रित करून इंटरनेटवर चढवायला सुरुवात केली. त्यांचं स्वतःचं चॅनल झालं. तिकडे एटापल्ली, भामरागडच्या बाजूला अशा कितीतरी शाळा आहेत, जिथे पेटी नाही, तबला नाही आणि ते वाजवून दाखवणाराही कोणी नाही. तिथले शिक्षक तालुक्याला आले की रेंज मिळेल तिथे उभं राहून सरांचे धडे उतरवून घेतात आणि पोरांना दाखवतात. त्यातले काही सरांना फोन करतात. सर घरी एकटेच असतात. लग्न केलं नाही, वडील लहानपणीच गेले, आई होती तीही दोन वर्षांपूर्वी वारली. संध्याकाळी कधी त्यांच्या खोलीवर गेलो, तर फोनवर कुठल्या तरी दूरच्या शाळेतल्या मास्तरला दादरा समजावून सांगत बसलेले दिसतात. डाळ गॅसवर शिजून करपायला आलेली असते.

तर या चॅनलवर गाणी ओळखणारं एक यंत्र नजर ठेवून असतं. कोणाच्या धड्यात कोणाच्या गाण्याचा तुकडा आहे हे ते बरोबर पकडतं आणि मग नोटीस येते की हे गाणं अमक्या कंपनीचं आहे. सरांना अशा नोटिसा येत. आपल्याला कोणी माणूसच लिहितो आहे, असं सर धरून चालत. 'माननीय महोदय, सप्रेम नमस्कार' अशी सुरुवात करून ते बावन्नावं कलम सांगत, एका दमाचं माप समजावून देत आणि शेवटी तिकडे पाऊसपाणी कसं आहे असं विचारत. बहुतेक वेळा नोटीस मागे घेतली जाई. त्या दिवशी सर स्टाफरूममध्ये पेढा वाटत. एका पेढ्याचे चार तुकडे करून एकेकाला एक.

दोनदा मात्र त्यांचं म्हणणं मान्य झालं नाही आणि दोन्ही वेळा चॅनलवर एकेक ठपका पडला. तिसरा ठपका पडला की अख्खं चॅनल बंद, असा तिथला नियम. म्हणजे सगळे धडे गेले. सर त्यानंतर जपून वागायला लागले होते.

होळी होऊन गेल्यावर जी नोटीस आली, ती सिनेमाच्या गाण्याची नव्हती. 'हाताचा ताल' नावाचा त्यांचा एक धडा होता. आमच्याकडे धानाचा रोवणा असतो तेव्हा बायका चिखलात वाकून पऱ्हे रोवतात, म्हणजे धानाची रोपं लावतात, आणि रोवता रोवता गाणं म्हणतात. चिमूट घ्यायची, रोवायची, एक पाऊल मागे सरकायचं. त्या हालचालीतून दादरा कसा तयार होतो, हे सरांनी त्या धड्यात फार सुरेख दाखवलं होतं. पडद्यावर बांधीचा, म्हणजे आमच्याकडच्या बांध घातलेल्या धानाच्या वाफ्याचा, फोटो आणि मागे एका म्हाताऱ्या बाईचा आवाज:

"एक बांधी रोवली व बाई, दुसरी बांधी पान्यात,
पाय माहे चिखलात व बाई, जीव माहा शाळेत."

बाकीच्या बाया ओळ उचलतात आणि तुकडा संपतो. वर्गात हा धडा घेताना सरांचे कान लाल होत नाहीत, दम सुटायच्या बराच आधी गाणं बंद होतं, हे आमच्या पोरांनी केव्हाच हेरलं होतं. पण का, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही.

लोकगीतं विकणाऱ्या कुठल्या तरी दूरच्या कंपनीचं म्हणणं होतं की हे गाणं त्यांचं आहे. मी त्यांचं गाणं काढून ऐकलं. मागे कीबोर्ड, घुंगरांचा आवाज, गाणारी बाई शिकलेल्या गळ्याची. चाल मात्र तीच आणि पहिली ओळही तीच. त्यांनीही कुठल्या तरी बांधीवरूनच ते उचललं असणार. उचलून बाजारात मांडलं, म्हणून यंत्राच्या लेखी ते त्यांचं झालं.

शाळेतला कॉम्प्युटर मला चालवता येतो, म्हणून उत्तर भरायला सर माझ्याकडे येऊन बसले. बोरकुटे मॅडमही आल्या. पडद्यावर दोन पर्याय होते. पहिला, गाणं तुमचंच आहे पण कायद्याने दिलेल्या सवलतीत मी त्यातला तुकडा वापरला. दुसरा, हे गाणं तुमचं नाही. मी पहिल्यावर बोट ठेवणार, तेवढ्यात सरांनी माझं मनगट धरलं.

"थांबा."

"काऊन जी? बावन्न टाकतो न. तुमचंच कलम हाय."

"बावन्न लिवलं म्हंजे काय होते, मोहुर्ले? दुसऱ्याच्या गान्यातलं मी थोडंसं घेतलं, असं होते."

"हाव मंग."

"हे दुसऱ्याचं नाई."

"कोनाचं हाय?" मॅडमनी विचारलं.

"माह्या मायचा आवाज हाय तो," सर म्हणाले.

इतकी वर्षं शेजारी बसून आम्हाला हे माहीत नव्हतं. आई गेली तेव्हा ते रजेवर गेले, डोक्याचे केस काढून परत आले आणि दुसऱ्या दिवशी व्याकरणाचा तास घेतला, एवढंच आम्ही पाहिलं होतं. तो धडा मी माझ्या मुलीलाही दाखवला होता. मॅडम खुर्ची ओढून बसल्या.

बसल्या तरी त्या मुख्याध्यापिका आहेत. "सर, माह्यं आईका," त्या समजुतीने म्हणाल्या. "दुसरं टाकलं अन् त्याइनं नाई मानलं, तं तिसरा ठपका लागते. पोट्ट्याइचे सारे धडे जातीन. बावन्न टाकलं तं बहुतेक वेळा सोडतेत."

"मले माहीत हाय."

"मंग?"

"माह्या मायचं गानं मी त्याइच्यातून थोडंसं घेतलं, असं माह्या हातानं लिवू काय?" सर म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. रोज तास घेतात त्याच आवाजात बोलत होते.

गाणं कंपनीच्या आधीपासूनचं आहे याला पुरावा हवा, म्हणून रविवारी आम्ही दोघं त्यांच्या गाडीवर वैनगंगेचा पूल ओलांडून मूल तालुक्यातल्या त्यांच्या गावी गेलो. आईच्या घराला कुलूप होतं. शेजारच्या कमलाबाई अंगणात मोहफुलं वाळत घालत होत्या. सत्तरीच्या पुढच्या, कंबर वाकलेली, पण हात चपळ. सरांनी ते गाणं रेकॉर्ड केलं त्या दिवशी रोवण्यात सरांच्या आईबरोबर त्याही होत्या. आम्हाला पाहून त्यांनी बाज झटकली आणि सुनेला चहा ठेवायला सांगितलं.

मी पुरावा गोळा करायला सुरुवात केली. "बाई, हे गानं तुमच्या गावात कवापासून हाय?"

"म्या लगन करून आली तवापासून हाय."

"कोनं बनवलं?"

"कोन बनवन बापा? रोवनाऱ्या बाया म्हनतेत."

"पूर्न गानं केवढं हाय?" उत्तरात एकूण गाणं किती आणि त्यातलं किती वापरलं, हे भरायचं होतं. तेवढं माझ्या अखत्यारीतलं गणित होतं.

कमलाबाईंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "बांधी केवढी हाय?"

"म्हंजे?"

"मोठी बांधी असन तं मोठं गानं. लहान असन तं लहान. बांधी सरली का गानं सरते. तुमी मास्तर हा न?"

मी सरांकडे पाहिलं. गाण्यातून एक दमभर मोजून घेणारा हा माणूस या गाण्याचं माप मुळात जाणूनच होता आणि गालातल्या गालात हसत होता. मी प्रश्न विचारणं सोडून चहा घेतला.

"अन् सबन गावाचं एक गानं कुठी असते," कमलाबाई फुलं पसरता पसरता पुढे सांगत होत्या. "चाल एक. पन पुढं ज्याच्या त्याच्या घरचं नाव येते. जे बाई पुढं म्हनन, ते आपल्या लेकाचं, भावाचं नाव घालते. बाकीच्या उचलतेत. अनसूयानं, याच्या मायनं, तं याचंच नाव घातलं होतं. हा बांधीच्या धुऱ्यावर उभा होता, मोबाइल धरून."

सर मोहफुलांकडे बघत होते. मी जवळजवळ उडालोच. कंपनीच्या गाण्यात दिवाकर उरकुडे यांचं नाव असायचं काही कारण नव्हतं. याच्यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा होता? आणि नेमका तोच भाग या माणसाने कापून टाकला होता.

परत येताना पुलाअलीकडच्या टपरीवर आम्ही थांबलो. तो कापलेला भाग ऐकवा म्हणून मी सरांच्या मागेच लागलो. शेवटी त्यांनी मोबाइल काढला, इअरफोन माझ्याकडे दिला आणि तोंड नदीकडे फिरवून बसले. पुढे काय आहे ते त्यांना पाठ होतं.

तीच ओळ, जीव माहा शाळेत. आणि त्याच्या पुढे:

"दिवाकर माहा बसला व बाई, पह्यल्या बाकाच्या ओळीत."

बायका हसल्या. मग सरांचाच आवाज आला, आता आहे तसाच, पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचा: "माय, नाव नको घालू व. पोट्ट्याइले दाखवाचं हाय." म्हातारी थांबली नाही. तिने तीच ओळ आणखी जोरात म्हटली आणि सगळ्या बायांनी चिखलातून "दिवाकर माहा" असा गजर केला. माझ्या शेजारी बसलेल्या, केस पांढरे झालेल्या माणसाला ती बाई पहिल्या बाकावर बसवत होती. मला हसू आलं. मी इअरफोन काढून त्यांच्या हातात दिला.

"सर, हेच पाठवू. याच्यावर कोनी बोलूच शकत नाई."

"अन् त्या मशिनीनं हे आईकलं, अन् म्हनलं हेबी आमचंच, मंग?"

"असं कसं म्हनन?"

"पह्यलंबी तसंच म्हनलं न." त्यांनी वायर बोटाभोवती गुंडाळली. "मोहुर्ले, तिचं तेवढंच हाय माह्यापाशी. तेबी त्याइचं निंगलं तं मी कुठी जाऊ?"

मी टपरीवाल्याला आणखी दोन चहा सांगितले.

दुसऱ्या दिवशी सरांनी शाळेत येऊन तो धडा स्वतःच्या हाताने चॅनलवरून काढून टाकला. बावन्न लिहिलं नाही आणि पुरावाही पाठवला नाही. बाकीचे धडे वाचले. मॅडमचा जीव भांड्यात पडला. मला मात्र सरांचा राग आला होता. ज्या कलमासाठी हा माणूस गावभर भांडत फिरला, ते हाताशी असताना आणि पुरावा खिशात असताना माघार घ्यायची, हे काही मला पटलं नाही. चार दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोललो. त्यांनीही काही खुलासा केला नाही.

पुढे एटापल्लीकडून एका मास्तरांचा फोन आला. त्यांची पोरं तो रोवण्याचा धडा मागत होती आणि तो कुठे सापडत नव्हता. सर म्हणाले, "दुसरा करून पाठवतो." मग आषाढात एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी मला न विचारताच माझ्या दारात गाडी आणून उभी केली आणि आम्ही पुन्हा त्यांच्या गावी गेलो.

रोवणा जोरात होता. बांधीत पंधरा-वीस बाया पाठीवर इरलं घेऊन ओळीने वाकलेल्या, मागे पऱ्ह्यांच्या पेंढ्या टाकलेल्या. वय झालेलं असूनही कमलाबाई कडेला होत्याच, आणि पुढे म्हणायचं काम आता त्यांच्याकडे आलं होतं. सर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभे राहिले.

"म्हना बाई," ते म्हणाले.

कमलाबाईंनी कंबरेवर हात ठेवून मान वर केली. "कोनाचं नाव घालू रे दिवाकर? तुहंच घालू काय?"

"नाई."

"मंग कोनाचं? तुह्या घरी ना लेक ना लेकरू."

बायांचे हात चालू होते, पाण्यात पऱ्हे रुतत होते. मला वाटलं ते आता शाळेतल्या एखाद्या पोराचं नाव सांगतील.

"मायचं घाला," ते म्हणाले.

कमलाबाई पुरत्या वळल्या. शेजारच्या दोघी-तिघींनीही माना वळवल्या.

"मायचं नाव कोनी घालत नाई बापा," कमलाबाई म्हणाल्या. "माय तं गानारी असते."

"आता नाई न थे गात. घाला."

कमलाबाईंनी पेंढीतून चिमूट घेतली, वाकून ती चिखलात रोवली आणि त्या एक पाऊल मागे सरकल्या. पहिली ओळ झाली, दुसरी झाली आणि तिसऱ्या ओळीला अनसूया हे नाव आलं. बाकीच्या बायांनी ते उचललं. सरांनी मोबाइल पुढे धरला होता आणि तो हात हलू नये म्हणून दुसऱ्या हाताने स्वतःचंच मनगट घट्ट धरून ते उभे होते.